राजवाड्याचे तोंड कोणीकडे? : कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याची एक वास्तुसमीक्षा

कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याविषयी मराठीत जे लिहिले जाते त्यात तीन गोष्टी हटकून येतात. एक काळा घडीव दगड, दुसरी बांधकामास लागलेली वर्षे व रक्कम, आणि तिसरी मेजर चार्ल्स मँट या वास्तुविशारदाच्या अखेरची आख्यायिका. आपण रचलेले राजवाडे गणितातील चुकीमुळे ढासळणार, या भयाने मँटसाहेबांचे मन भ्रमले, असे सांगितले जाते. ते 1881 साली वारले. राजवाडे उभे आहेत. कथा चटका लावणारी आहे, पण ती सांगून झाली की लेखकाचे काम संपते आणि इमारत न वाचलेल्या पुस्तकासारखी मिटलेलीच राहते. आमची तक्रार एवढीच, की या घराचा नकाशा कोणी वाचलेला दिसत नाही.

घर वाचायचे म्हणजे प्रथम ते कोणाकडे तोंड करून उभे आहे हे पाहायचे. इंग्लंडमधील जमीनदारांची जी मोठी ग्रामीण घरे, चॅट्सवर्थ वा ब्लेनहाइम यांसारखी, ती बाहेर पाहतात. चहूबाजूंस राखलेले विस्तीर्ण उद्यान, त्यातून वळत येणारा रस्ता आणि शेवटी एकदम समोर उभा राहणारा दर्शनी भाग, अशी त्यांची मांडणी असते. दूरवरून दिसणे हा त्या घराच्या कामाचाच भाग आहे. भोवतालची जमीन कोणाची, याची ती दगडातील नोंद होय. आत शिरल्यावर मोठे दालन, भव्य जिना, भोजनगृह, बैठकीची दालने, आणि या सर्वांपासून कटाक्षाने तोडलेली नोकरांची वाट. रॉबर्ट कर यांनी 1864 साली सद्गृहस्थाच्या घरावर जो ग्रंथ लिहिला, त्यात कुटुंब व नोकर यांनी एकमेकांच्या दृष्टीस पडू नये यालाच पहिले महत्त्व दिले आहे. मँट याच पिढीचे.

आपला वाडा याच्या नेमका उलट. रस्त्याकडे त्याची पाठ असते: उंच जोते, जाड भिंत, एखादी अरुंद खिडकी आणि दिंडीदरवाजा. आत पाऊल टाकले की चौक, चौकाभोवती सोपा, मग माजघर, मागे परडे. उजेड वरून चौकात उतरतो आणि खोल्यांत जाता जाता मंदावत जातो. हे वर्णन करताना वाड्याविषयी हळवे होण्याचे कारण नाही. चौकापर्यंत कोणी यायचे, सोप्यावर कोणी चढायचे आणि माजघराच्या उंबऱ्यापलीकडे कोणी राहायचे, याचे नियम जातीने व लिंगाने ठरलेले होते. इंग्रजांनी नोकरांसाठी मागचा जिना काढला, आपण माणसे उंबऱ्यांवर अडवली. फरक दिशेचा आहे, सौजन्याचा नव्हे.

आता नवा राजवाडा. बांधकामाचा काळ 1877 ते 1884. यापूर्वी मँट यांनी कोल्हापुरातच टाऊन हॉल बांधला होता, तो गॉथिक वळणाचा. राजवाड्यापाशी त्यांनी ते वळण सोडले आणि गुजरात-राजस्थानातील मंदिरांचे व राजगृहांचे घटक घेतले: कंगोरेदार कमानी, छत्र्या, घुमट, नक्षीदार तोड्या. बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा (तो पुढे चिझम यांनी 1890 मध्ये पुरा केला) आणि अजमेरच्या मेयो कॉलेजची मुख्य इमारत याच विचाराची भावंडे आहेत. मात्र कोल्हापुरात हे सगळे अलंकार आपल्या काळ्या दगडात आले आहेत, आणि सह्याद्रीचा हा दगड मऊ वालुकाश्मासारखा छिन्नीपुढे नमत नाही. त्यामुळे येथील नक्षी बडोद्यापेक्षा संयमी झाली. आमच्या मते हा तोटा नाही. दगडाने वास्तुविशारदाला आवर घातला आणि इमारतीला भारदस्तपणा दिला.

पण हे झाले कातडीविषयी. हाडे इंग्रजी आहेत. मोकळ्या आवारात मध्यभागी सुटी उभी असलेली इमारत, मधोमध घड्याळाचा अष्टकोनी मनोरा, दुरून दिसावे असे दर्शन. जुन्या राजवाड्याशी व भवानी मंडपाशी ताडून पाहावे. तेथे देवीचे मंदिर, नगारखाना, पेठ आणि राजघर एकमेकांना खेटून आहेत. गावाची वर्दळ दारातून वाहते. नव्या राजवाड्याने गावापासून अंतर घेतले, आणि वेळ सांगण्याचे काम नगाऱ्याकडून घड्याळाकडे गेले.

असे घर कोणी मागितले? येथे इतिहासाकडे वळणे भाग आहे. 1870 साली राजाराम महाराज विलायतेस गेले आणि परतीच्या वाटेवर 30 नोव्हेंबर रोजी फ्लॉरेन्स येथे निवर्तले. वय अवघे वीस. त्या प्रवासाची त्यांची इंग्रजी दैनंदिनी 1872 मध्ये कॅप्टन वेस्ट यांनी संपादून प्रसिद्ध केली. फ्लॉरेन्समध्ये नदीकाठच्या उद्यानात त्यांच्या स्मारकाची जी छत्री 1874 मध्ये उभी राहिली, तिचा आराखडाही मँट यांचाच. म्हणजे या घराण्यासाठी मँट यांनी राजवाड्याच्या आधी मृत राजाची छत्री रचली होती. गादीवर दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज अल्पवयीन होते. पुढे त्यांना वेडसर ठरवून दूर ठेवण्यात आले आणि 25 डिसेंबर 1883 रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात, पहाऱ्यावरील गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर, त्यांचा अंत झाला. शाहू महाराज दत्तक आले मार्च 1884 मध्ये. बांधकामाची सातही वर्षे कोल्हापूरचा कारभार राजाच्या हाती नव्हता. ज्याच्यासाठी घर बांधायचे तो बोलू शकत नव्हता, आणि जे बोलत होते ते त्यात राहणार नव्हते.

हे ध्यानी घेतले म्हणजे इमारतीचा स्वभाव उलगडतो. राजाने कसे दिसावे याविषयीची पालकांची ती कल्पना आहे: वेष देशी, वागणूक विलायती. अनेक अभ्यासक एवढ्यावर थांबतात आणि या शैलीला साम्राज्याचे मुखवटे म्हणून निकालात काढतात. आम्हांस तो निकाल घाईचा वाटतो, आणि त्याचे कारण दरबार हॉल.

दोन मजले उंचीचे हे दालन इमारतीच्या गाभ्यात आहे. बाजूंच्या भिंतींत महिरपी कमानी, त्यांत रंगीत काचांतून साकारलेले शिवचरित्रातील प्रसंग. वर कोरीव तोड्यांवर पेललेल्या ओतीव लोखंडाच्या सज्ज्या. एका टोकास उंचावर सिंहासन. इंग्रजी घरातही असे मध्यवर्ती उंच दालन असते, हे खरे. पण तेथील माणूस खिडकीतून उद्यान पाहतो. येथे काचेवर शिवाजी महाराज उभे असल्याने नजर बाहेर जातच नाही. ती दालनातच फिरते, सज्ज्यांवर चढते आणि खाली उतरते. वरून सज्जे, मध्ये मोकळी भूमी, सर्वांचे लक्ष आत. आमच्या मते हा छप्पर घातलेला चौक आहे. मँट यांना हे अभिप्रेत होते असा आमचा दावा नाही. दरबाराची बैठक ही वाड्यातच घडलेली रीत असल्याने तिने आपल्याला लागणारी जागा इंग्रजी नकाशाकडून करून घेतली. चर्चमधील संतचरित्रांसाठी वाढलेली काचकला शिवचरित्राच्या कामी आली हेही याच ओघातले. बाहेर पाहणाऱ्या घराच्या पोटात आत पाहणारे घर राहिले.

आज तळमजल्यावर शहाजी छत्रपती संग्रहालय आहे. शस्त्रे आणि शिकारीतील पेंढा भरलेली जनावरे पाहण्यात प्रेक्षक इतके गुंततात की दालनाकडे मान वर करून पाहणारे थोडेच.

आमच्या सदलग्याचा या सगळ्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे. बाहेर पाहणारे घर राजवाड्यापाशी थांबले नाही. ते बंगला या नावाने दूधगंगेच्या काठी उसाच्या शिवारात येऊन पोहोचले. पांढऱ्या मातीच्या भिंती, तुळया आणि कौले असलेली सोप्याची घरे उतरवली गेली व त्यांच्या जागी सज्जे, खांब आणि पोर्च असलेली स्लॅबची घरे आली. उतरवण्यामागे कारणे होती: वाटण्या, वाळवी, अंधारी माजघरे. ज्या सुनांनी त्या अंधारात चुलीपुढे जन्म काढला त्यांनी बंगल्याच्या मोठ्या खिडक्यांचे स्वागत केले असेल तर त्यांना दोष कसा द्यावा? आमची हळहळ निराळी आहे. ही घरे मोजली गेली नाहीत. इंग्लंडमध्ये विसाव्या शतकात शेकडो ग्रामीण घरे पाडली गेली, आणि 1974 साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने त्या विनाशाचेच प्रदर्शन मांडले; पाडलेल्या घरांची छायाचित्रे तरी हाती होती. आमच्याकडे खणांची संख्या, चौकाची मापे, देवळीची जागा ही माहिती उतारवयाच्या माणसांच्या बोलण्यातच उरली आहे.

आणि बंगल्यातही राजवाड्यासारखाच प्रकार घडला आहे. दर्शनी सज्ज्यावर सहसा कोणी बसत नाही. पाहुणा आला की घोंगडे अंथरले जाते ते पोर्चमध्ये. निवडणे-टिपणे तेथेच, गावकीची बोलणीही तेथेच. इंग्रजांच्या घरी जेथे घोडागाडी येऊन थांबे, त्या छताखाली आमच्याकडे सोपा पुन्हा भरतो, आणि उसाची ट्रॉली बाहेर रस्त्यावर उभी राहते.