‘बहुरूपी’चा आवाज : चिंतामणराव कोल्हटकर आणि बोलपटाच्या दारातील चरित्रनट

बीजशब्द : चरित्रनट, खलनायक, संगीत नाटक, बोलपट, बलवंत पिक्चर्स, सांगली

प्रस्तावना

मराठी चित्रपटाच्या इतिहासात १९३४ साली सांगलीच्या बलवंत पिक्चर्सने काढलेल्या ‘कृष्णार्जुन युद्ध’ या बोलपटाच्या वाट्याला सहसा एकदोन वाक्ये येतात. मास्टर दीनानाथांची नाटक मंडळी चित्रपटाकडे वळली, चित्रपट चालला नाही, मंडळी कर्जात बुडाली. एवढे सांगून इतिहासकार पुढे जातो. त्या अपयशाचे कारणही बहुधा एकाच शब्दात सांगितले जाते : ‘नाटकीपणा’. प्रस्तुत लेखात या शब्दाची थोडी तपासणी करावयाची आहे. त्यासाठी दीनानाथांकडे न पाहता त्यांच्या सहभागीदाराकडे, म्हणजे चिंतामण गणेश कोल्हटकर (१८९१–१९५९) यांच्याकडे पाहणे अधिक उपयोगाचे ठरेल, असे वाटते. कारण दीनानाथांचे गाणे नाटकातून बोलपटात सहज नेता येण्याजोगे होते. कोल्हटकरांचे जे होते ते तसे नेता येत होते काय, हा खरा प्रश्न आहे.

नायक नव्हे आणि गायकही नव्हे, तरीही ज्याच्यावाचून नाटक उभे राहत नाही अशा नटाला आपल्याकडे निश्चित नाव नाही. हिंदी चित्रपटसृष्टीतून आलेला ‘चरित्र अभिनेता’ हा शब्द आज रूढ आहे. त्यावरूनच येथे ‘चरित्रनट’ असे म्हटले आहे. नाटक मंडळ्यांच्या काळी अशा नटाला त्याच्या भूमिकेच्या नावानेच ओळखले जाई. कोल्हटकर हे अनेकांच्या लेखी ‘घनश्याम’ होते.

न गाणाऱ्याचे स्थान

१९१८ मध्ये किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी बलवंत संगीत मंडळी काढली. या भागीदारीची रचना मोठी बोलकी आहे. दीनानाथ हे मंडळीचे आकर्षण होते. प्रेक्षक तिकीट काढीत ते त्यांच्या तानांसाठी. कोल्हटकर गद्य भूमिकांचे नट. म्हणजे ज्या घरात गाण्याला पहिले पान मांडलेले, त्या घरात केवळ बोलण्याच्या बळावर त्यांना आपली जागा राखावयाची होती.

संगीत नाटकाचा विचार आपण पदांच्या अंगाने पुष्कळ केला आहे. दोन पदांच्या मध्ये जो नट उभा असतो त्याच्या अंगाने तो फारसा झालेला नाही. पद संपते, ‘वन्स मोअर’ येतो, पद पुन्हा होते, आणि मग एका न गाणाऱ्या नटाला त्या तापलेल्या सभागृहाला परत कथानकात आणावे लागते. हे काम कुजबुजून होण्यासारखे नाही. ध्वनिवर्धक नसलेल्या नाट्यगृहात, अनेकदा कापडी कनातीत, शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचवावा लागे, आणि नुसता पोहोचवून भागत नसे. नुकत्याच विरलेल्या सुरांपेक्षा तो अधिक मोहक वाटावा लागे. गद्याची लय, विराम, शब्दाची फेक, वाक्याच्या अखेरीस आवाज खाली न पडू देण्याची कसरत हा सारा या नटाचा ‘रियाज’ होता. खलनायकाचे बोलणे त्या काळी इतके पल्लेदार का, याचे उत्तर लेखकाच्या हौसेइतकेच प्रयोगाच्या या गरजेतही आहे.

राम गणेश गडकऱ्यांचे ‘भावबंधन’ हे याचे उत्तम उदाहरण होय. २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे गडकरी निवर्तले. त्यापूर्वी हे नाटक त्यांनी कसेबसे पुरे केले होते. बलवंत मंडळीने ते रंगभूमीवर आणले, तेव्हा लतिकेच्या भूमिकेत दीनानाथ आणि घनश्यामच्या भूमिकेत कोल्हटकर होते. घनश्याम हा तलवार उपसणारा दुष्ट नव्हे. तो अपमानित झालेला, बुद्धिमान आणि हाती आलेल्या कागदपत्रांच्या जोरावर एका प्रतिष्ठित कुटुंबाला कोंडीत पकडणारा माणूस आहे. त्याचे शस्त्र एकच, बोलणे. अशी भूमिका केवळ छापील संहितेवरून जोखणे म्हणजे बंदिशीच्या चिजेवरून गायकी जोखण्यासारखे आहे.

येथे वर्गातला एक अनुभव नोंदवावासा वाटतो. पदव्युत्तर वर्गाला ‘भावबंधन’ शिकवताना घनश्यामची भाषणे विद्यार्थ्यांना कंटाळवाणी वाटतात, ‘सर, हा इतके का बोलतो?’ असा प्रश्न हमखास येतो. एका वर्षी तोच प्रवेश महाविद्यालयाच्या रिकाम्या सभागृहात, ध्वनिक्षेपक बंद ठेवून, एका विद्यार्थ्याकडून रंगमंचावरून वाचून घेतला आणि बाकीच्यांना शेवटच्या रांगेत बसवले. पहिली दोन वाक्ये कोणालाच कळली नाहीत. मग वाचणाऱ्याने आपोआप वेग कमी केला, समासांच्या सांध्यावर थांबू लागला, आणि वाक्यातली पुनरावृत्ती कशासाठी आहे हे सांगण्याची गरज उरली नाही. तो मुलगा नट नव्हता. त्याला त्या अंतरानेच तसे बोलावयास लावले.

सांगलीतला प्रयोग

१९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला आणि १९३२ मध्ये प्रभात फिल्म कंपनीने कोल्हापुरात ‘अयोध्येचा राजा’ काढला. त्यातील हरिश्चंद्र होते गोविंदराव टेंबे, म्हणजे संगीत रंगभूमीचेच एक मोठे नाव. बोलपट बोलू आणि गाऊ लागताच त्याला नाटकवाल्यांची गरज पडली, आणि त्याच वेळी त्याने नाटकवाल्यांचे प्रेक्षकही ओढून नेले. बलवंतने १९३३ मध्ये विश्राम बेडेकरांचे ‘ब्रह्मकुमारी’ हे नाटक केले, पण पुढचा रस्ता बोलपटाचा हे उघड झाले होते.

सांगलीची निवड यात आश्चर्यकारक नाही. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केले ते येथेच. गोविंद बल्लाळ देवल हे शेजारच्या हरिपूरचे. नाटक मंडळ्यांना साताऱ्यापासून मिरजेपर्यंतचा कृष्णाकाठ हा हक्काच्या प्रेक्षकांचा पट्टा होता. मात्र नाटकाचे माहेर असणे ही बोलपटासाठी पुरेशी पुंजी नव्हे. कोल्हापुराकडे बाबूराव पेंटरांच्या मूकपटांपासूनची कॅमेऱ्याची परंपरा होती. सांगलीकडे होती ती आवाजाची. दोन्ही गावांत अंतर उणेपुरे पन्नास किलोमीटरचे, पण ‘कृष्णार्जुन युद्धा’चे दैव त्या अंतराने ठरवले असे म्हटले तर ते फारसे चुकीचे होणार नाही.

या चित्रपटाच्या दिग्दर्शनात बेडेकर आणि कोल्हटकर अशी दोन नावे आहेत. बेडेकर नव्या पिढीचे; पुढे ‘रामशास्त्री’च्या (१९४४) निर्मितीशी त्यांचे नाव जोडले गेले. कोल्हटकरांनी आयुष्यभर सभागृहाला उद्देशून बोलण्याची कला साधली होती. त्या वेळचे ध्वनिमुद्रण नटाच्या जवळच लपवलेल्या मायक्रोफोनवर अवलंबून असे, आणि शेवटच्या रांगेसाठी फेकलेला शब्द तेथे आक्रस्ताळा होतो. सभागृहात जो विराम उत्कंठा वाढवतो तो पडद्यावर रेंगाळतो. हा नटाचा दोष नव्हे. त्याने ज्या अंतरासाठी आपले माप घेतले होते ते अंतरच नाहीसे झाले होते.

आक्षेप आणि त्याचे उत्तर

या मांडणीवर एक आक्षेप सहज येईल आणि तो वजनदार आहे. त्याच १९३४ साली प्रभातने ‘अमृतमंथन’ काढला. त्याच्या हिंदी आवृत्तीत राजगुरूची भूमिका चंद्रमोहन यांनी केली. पडदाभर दिसणाऱ्या त्या डोळ्याची आठवण आजही काढली जाते. मराठी आवृत्तीत तीच भूमिका केशवराव दाते यांनी केली. दाते रंगभूमीचेच नट. पुढे ‘कुंकू’मधील (१९३७) वृद्ध वर काकासाहेब त्यांनी असा उभा केला की प्रेक्षकाला त्याचा राग येता येता कणव यावी. मग रंगभूमीच्या नटाला पडदा पेलत नाही असे कसे म्हणता येईल?

तसे म्हणावयाचे नाहीच. फरक नाटक आणि चित्रपट यांतला जितका आहे, तितकाच नाटकानाटकांतला आहे. दाते आले ते महाराष्ट्र नाटक मंडळीच्या गद्य परंपरेतून, आणि १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाट्यमन्वंतरच्या प्रयोगात दिवाणखान्यातले साधे बोलणे त्यांनी रंगभूमीवर आणून दाखवले होते. गद्य मंडळीतल्या नटाला गाण्याशी स्पर्धा करावी लागत नाही. त्याच्याभोवती शांतता अगोदरच असते. कोल्हटकरांना ती प्रत्येक पदानंतर नव्याने निर्माण करावी लागे. बाबूराव पेंढारकरांचे उदाहरण याच्याही पलीकडचे. ते मूकपटाच्या कारखान्यातच घडले. त्यामुळे ‘अयोध्येचा राजा’तील गंगानाथापासून ‘महात्मा फुले’तील (१९५४) जोतीरावांपर्यंत चेहऱ्यावर काम करण्याची सवय त्यांना बोलण्याच्या आधी लागली होती. तेव्हा ‘नाटकी’ हे विशेषण सरसकट वापरण्याऐवजी कोणत्या नाटकातला नट, हे विचारणे समीक्षकाचे पहिले काम ठरते.

हॉलिवुडच्या लॉन चेनीशी (१८८३–१९३०) केलेली तुलना येथे उद्बोधक ठरेल. मूकपटांच्या काळातील हा सर्वांत नावाजलेला चरित्रनट. ‘हजार चेहऱ्यांचा माणूस’ अशी त्याची जाहिरात केली जाई. त्याचे आईवडील मूकबधिर होते, आणि शब्दांवाचून सांगण्याची कला तो घरातच शिकला. फिरत्या नाटक कंपन्यांत उमेदवारी करून तो चित्रपटात आला. ‘द हंचबॅक ऑफ नोत्र दाम’ (१९२३) आणि ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ (१९२५) यांतील रूपे त्याने स्वतःच्या रंगपेटीतून घडवली. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाने रंगभूषेवरील नोंद त्याच्याकडून लिहून घेतली यावरून त्याचा अधिकार ध्यानात यावा. बोलपट मात्र त्याने एकच केला, १९३० चा ‘द अनहोली थ्री’. आणि त्यात त्याने पाच वेगवेगळे आवाज काढले. त्यानंतर काही आठवड्यांतच तो वारला. चेहऱ्याचा बहुरूपी आवाजाच्या दारात पोहोचला तो असा. आपल्या आवाजाच्या बहुरूप्याला चेहऱ्याच्या दारात उभे राहावे लागले, आणि त्याच्यामागे स्टुडिओचे भांडवल नव्हते. स्वतःच्याच मंडळीचे होते.

‘बहुरूपी’

कोल्हटकरांच्या आत्मचरित्राचे नाव ‘बहुरूपी’. १९५८ चा साहित्य अकादमी पुरस्कार या ग्रंथाला मिळाला. नावाकडे आपण अलंकार म्हणून पाहतो, पण सातारा-सांगलीच्या खेड्यांत बहुरूपी हा शब्द अलंकार नाही. सुगीच्या दिवसांत पोलिसाच्या किंवा अन्य कोणाच्या वेषात दारात येणारा, दोन क्षण घाबरवून हसवणारा आणि पसाभर धान्य मागणारा तो माणूस आमच्या पिढीने पाहिलेला आहे. आयुष्याच्या उतारावर एका मान्यवर नटाने आपल्यासाठी हे नाव पत्करावे यात विनय आहे, आणि आपल्या धंद्याच्या जातकुळीची स्वच्छ जाणीवही आहे. नट, मालक, भागीदार आणि दिग्दर्शक या नात्यांनी एका मंडळीचा उदय व अस्त पाहिलेल्या माणसाचे हे लेखन असल्यामुळे त्याला केवळ आठवणींचे मोल नाही. नाटक मंडळीच्या अर्थव्यवहाराचे ते एक साधन आहे. आपल्या अभ्यासक्रमांत मात्र ते ‘आत्मचरित्र’ या वाङ्मयप्रकाराखाली, भाषाशैलीपुरते वाचले जाते, आणि गडकरी वेगळ्या अभ्यासपत्रिकेत राहतात. ‘भावबंधन’ आणि ‘बहुरूपी’ एकाच सत्रात, शेजारी ठेवून शिकवण्यास कोणत्याही अभ्यासमंडळाची हरकत असण्याचे कारण दिसत नाही.

कोल्हटकरांचे पुत्र चित्तरंजन (१९२३–२००९) नाटक आणि चित्रपट दोन्हींत वावरले. त्यांची उमेदवारी झाली ती बोलपट स्थिरावल्यानंतरच्या काळात. वडिलांना त्रेचाळिसाव्या वर्षी, स्वतःचे पैसे घालून, सांगलीत जे शिकावे लागले ते मुलाच्या पिढीला धंद्यात पाऊल टाकतानाच मिळाले.