पोहे, सुशीला आणि पसंती

'मुंबई-पुणे-मुंबई' हा पिक्चर मी आतापर्यंत चार वेळा पाहिला आहे आणि चारही वेळा मला एकच प्रश्न पडला आहे. या मुलीचा मामा कुठे आहे?

सतीश राजवाडे यांचा हा पिक्चर 2010 सालचा. मुंबईची मुलगी एका मुलाला नकार द्यायला पुण्याला येते. एकटी येते! तिथे तिला एक पुणेकर तरुण भेटतो. दोघं दिवसभर गाव हिंडतात, भांडतात, पुन्हा हिंडतात. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी, जवळजवळ सगळा पिक्चर या दोघांचाच. बघताना मोठं गोड वाटतं. पण घरी येऊन अंथरुणावर पडलं की वाटतं, हे गोड लागतं कारण यात आपण नाही. आपण म्हणजे मामा, आत्या, दाजी, थोरले काका आणि 'सहज आलो होतो' म्हणून बैठकीत येऊन बसलेले शेजारी.

हाच पिक्चर 'लातूर-नांदेड-लातूर' म्हणून काढून बघा. मुलगी लातूरच्या स्टँडवर एसटीत बसली रे बसली, की चाकूरला तिच्या आत्याचे दीर चढणार, शिरूर ताजबंदला शाळेतले जुने मास्तर आणि अहमदपूरला चुलत मावशी. लोहा येईपर्यंत सगळ्या गाडीला कळलेलं असणार, की पोरगी कशाला निघाली, मुलाला पगार किती आणि त्याच्या थोरल्या भावाचं सासऱ्याशी का पटत नाही. नांदेडला उतरल्यावर नकार द्यायची सोयच उरत नाही, कारण तोवर गाडीतल्या मंडळींनी परस्पर होकार कळवलेला असतो. शिवाय भाषेची अडचण आहेच. पडद्यावरच्या नायकानं नायिकेला 'काय करू लालाव?' असं विचारलेलं मी अजून ऐकलेलं नाही. आमच्याकडे निम्मे संसार याच वाक्यानं सुरू झालेले आहेत.

प्रेमाच्या विनोदी पिक्चरची पहिली अट अशी, की दोघांनी एकमेकांना अनोळखी असावं. आमच्या भागात ही अट पाळणं कठीण. मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, ही रीत आपल्याकडच्या अनेक जातींत चालत आलेली. इरावती कर्व्यांनी 1953 सालच्या आपल्या ग्रंथात भारतातल्या नातेव्यवस्थेचा सगळा पसारा मांडला, त्यात या रीतीचा विचार आहे. पण त्यासाठी ग्रंथ उघडायचीही गरज नाही. आमच्याकडची सून सासऱ्याला मामा म्हणते आणि सासूला आत्या. शब्दच साक्ष देतात. अशा ठिकाणी नायक-नायिकेची पहिली भेट दाखवायची तर ती बारशातच दाखवावी लागेल.

तर राजवाड्यांनी मामाला गाळलं, ही त्यांची हुशारी. 2015 साली दुसरा भाग आला आणि त्यात मात्र नातेवाईक आले. मी सावरून बसलो. म्हटलं, आता आपलं काहीतरी निघणार. पण ही सगळी माणसं इतकी समजूतदार निघाली, की मला आमच्याच घराण्याची लाज वाटू लागली. लग्न ठरल्यावर मुलीच्या मनात शंका येते आणि सगळं घर ती हळुवारपणे समजून घेतं! आमच्याकडे लग्न ठरल्यावर शंका घेण्याचा मान फक्त आचाऱ्याला असतो. पानं किती, याबद्दल.

आपल्याकडे लग्न जुळवण्यावरचा विनोद काही आजचा नाही. चि. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ 1940 साली मास्टर विनायकांच्या 'लग्न पहावे करून'मधून पडद्यावर आले. आमच्या मराठवाड्याचं म्हणाल, तर लक्ष्मण देशपांड्यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' एकट्यानं उभं केलं, बावन्न पात्रांसह. एका माणसात बावन्न माणसं कशी मावतात, याचं मुंबईकरांना नवल वाटलं. आम्हाला वाटलं नाही. जीपमध्ये आम्ही तेवढेच बसतो. पण नाव बघा, 'वऱ्हाड'. नवरी नाही, नवरा नाही. आपल्याकडे हसू येतं ते वऱ्हाडाचं. पोटभर हसावं, मीही हसलो आहे. एकच शंका आहे. जी पोर ट्रे घेऊन उभी असते, ती या हसण्यात असते का?

शंका उगीच नाही. हुंडाबंदीचा कायदा 1961 सालचा. आणि 2017 साली लातूर जिल्ह्यात शेतकऱ्याच्या एका एकवीस वर्षांच्या मुलीनं आपल्या लग्नाच्या खर्चाचा भार बापावर नको म्हणून जीव दिला. ती बातमी वाचली त्या दिवशी आमच्या घरी लग्नाचा अल्बम चाळणं चाललं होतं. तो कुणीतरी न बोलता मिटून ठेवला.

म्हणून मला जयंत सोमलकर यांचा 'स्थळ' महत्त्वाचा वाटतो. विदर्भातला, चंद्रपूर जिल्ह्याकडचा पिक्चर. 2023 साली टोरांटोच्या महोत्सवात त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला आणि आपल्याकडे तो मार्च 2025 मध्ये लागला. सुरुवातीलाच चार बायका एका मुलाला समोर बसवून त्याची उलटतपासणी घेतात. ते अर्थात मुलीचं स्वप्न असतं. जागेपणी तिलाच बसायचं असतं. नंदिनी चिकटे हिनं केलेली ही सविता कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी. तिला शिकायचं आहे. पाहुणे येतात, तेच प्रश्न विचारतात आणि जातात. मग दुसरे येतात. पहिल्या खेपेला आपण हसतो. दुसऱ्या खेपेला थोडं कमी हसतो. मग लक्षात येतं, की प्रश्न विचारणाऱ्या त्या चेहऱ्यांत एक आपल्यासारखाच दिसतो.

हा पिक्चर मी, आमची सौ. आणि नांदेडची भाची असे तिघांनी पाहिला. बाहेर आल्यावर मी समीक्षकाच्या थाटात म्हणालो, "तेच तेच फार दाखवलंय बुवा. जरा कापायला हवा होता."

भाची म्हणाली, "मामा, मला आत्तापर्यंत अकरा जणांनी बघितलं. त्यातलं कुठलं कापू?"

मी गप्प बसलो. त्या अकरातल्या निदान सात बैठकांत मी हजर होतो, मुलीकडचा वजनदार माणूस म्हणून. आमच्याकडे पोह्यांच्या बरोबरीनं सुशीला करतात. चुरमुऱ्यांचा, फोडणीचा, वर शेंगदाण्याचं कूट. सातही वेळा मी 'मुलगी सुशील आहे आणि सुशीलाही झकास करते' हा विनोद केला आणि सातही वेळा पाहुणे हसले. ती हसली होती का, हे मला आठवेना. त्याहून वाईट म्हणजे, मुलासाठी लातूरला मुलगी पाहायला गेलो तेव्हा 'उंची किती?' हा प्रश्न मीच विचारला होता. समोर उभ्या असलेल्या मुलीची उंची दिसत असते, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

तेव्हा माझं मत सांगून टाकतो. लग्न जुळवण्यावरचा पिक्चर चांगला की वाईट हे ठरवायला गाणी बघू नयेत, पुण्याचे रस्ते बघू नयेत. जिला पाहायला आले तिला त्यात प्रश्न विचारता येतो का, तेवढं बघावं. या हिशेबानं 'मुंबई-पुणे-मुंबई' पास आहे. ती मुलगी निदान स्वतःच्या पायानं नकार द्यायला आली होती. दुसरा भाग समजूतदारपणाच्या मार्कांवर काठावर पास. 'स्थळ' पहिल्या वर्गात. आणि मामा नापास.

गेल्या महिन्यात भाचीला लातूरचं बारावं स्थळ आलं. अक्कानं नेहमीप्रमाणे मला बैठकीतली मधली खुर्ची दिली. मी म्हटलं, आज मी आत बसतो. अक्काला वाटलं माझी तब्येत बिघडली. मी स्वयंपाकघरात सुशीलाला फोडणी देत बसलो. तेवढ्यात बाहेरून भाचीचा आवाज आला, "तुमची उंची किती?"

बाहेर सगळं चिडीचूप. दाजी खोकले. माझी मोहरी करपली. मग मुलगा म्हणाला, "पाच-सात. पण चपला घालून." आणि पहिल्यांदा हसली ती आमची भाचीच.

जमलं का, म्हणून विचाराल. लातूरकर 'कळवतो' म्हणून गेले आहेत. भाचीनंही त्यांना 'मीही कळवते' म्हणून सांगितलं आहे. अक्का तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.