पदराची घडी आणि कोरा चेहरा

दिवाळी तोंडावर आली की आमच्या सोलापुरात चादरींच्या दुकानांतून एक दृश्य हमखास दिसते. गिऱ्हाइकापुढे घडीमागून घडी उलगडत जाते आणि नापसंत चादर दुकानातला पोऱ्या पुन्हा मुकाट्याने घडी घालून ठेवतो. आपल्या मराठीलाही या शब्दाचा मोठा लोभ. आपण घडीभर टेकतो, संसाराची घडी बसवतो, ती विस्कटली की हवालदिल होतो. आणि पाडव्याला नव्या लुगड्याची घडी मोडतो.

आई गेल्यावर तिची ट्रंक उघडली, तेव्हा तळाशी एक इरकली लुगडे निघाले. तिच्याच हातची घडी. ती उलगडण्याचे धैर्य मला अद्याप झालेले नाही.

हुसेन यांची मदर तेरेसांवरील चित्रे मला कळली ती या लुगड्यामुळे. हुसेन आमच्याच भागातले. १९१५ साली पंढरपुरात जन्मलेले. ते दीडेक वर्षांचे असताना आई वारली. तिचा चेहरा त्यांना कधीच आठवला नाही. १९८० च्या सुमारास त्यांनी ही चित्रमाला हाती घेतली. पांढरी साडी, निळे काठ, मांडीवर मूल. आणि चेहऱ्याच्या जागी नुसती पोकळी.

चेहराच नाही, मग हे व्यक्तिचित्र कसले, असे कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. चेहऱ्याचे काम येथे वस्त्राने पत्करले आहे. पदर डोक्यावरून ओघळतो, गुडघ्यांशी चुण्यांची झोळी होते आणि तीत मूल विसावते. मायकेलॅंजेलोच्या १४९८-९९ मधील ‘पिएता’ शिल्पातही मेरीच्या वस्त्राच्या भरघोस चुण्याच पुत्राच्या निष्प्राण देहाला आधार देतात. पण मेरीला मुख आहे. हुसेनांच्या मातेला ते नाही, म्हणूनच ती कुणाचीही आई होऊ शकते.

दोषही सांगितला पाहिजे. ही प्रतिमा त्यांनी पुढे पुष्कळदा रंगवली. काही चित्रांत निळा काठ ही केवळ ओळखीची खूण उरते. हात सरावला की घडी सफाईदार पडते, पण तिच्यातली ऊब जाते.

हुसेन २०११ साली लंडनला निवर्तले. न आठवणाऱ्या आईला त्यांनी वस्त्राच्या चुण्यांत शोधले. मला तर आईचा चेहरा लख्ख आठवतो. तरी मी घडी जपत बसलो! लेक कधीची विचारते आहे, “बाबा, आजीचं लुगडं मी नेसू?” घडी उलगडल्यावाचून कापडाची झोळी होत नाही, हे त्या चित्रांनी मला शिकवले. यंदा पाडव्याला ट्रंक उघडीन म्हणतो.