पंचेचाळीस मिनिटांचं गाव

नाटक न बघता त्याचं परीक्षण लिहिणारे समीक्षक मी पाहिले आहेत. (एकदा आरशातही पाहिला आहे.) पण गावांच्या बाबतीत हाच धंदा राजरोस चालतो, हे मला पेन्शनीत निघाल्यावर कळलं. आमचे चिरंजीव म्युनिकला असतात. त्यांच्या दिवाणखान्यात एक गुळगुळीत कागदाचं जाडजूड पुस्तक होतं. विषय, युरोपातली मनमोहक छोटी गावं. सून कामावर, नातू शाळेत आणि टीव्हीवर जर्मन! मी ते पुस्तक दोनदा वाचलं.

या वाङ्मयप्रकाराची काही लक्षणं सांगतो. गाव कुठलंही असो, ते 'परीकथेतलं' असतं. तिथे 'काळ थांबलेला' असतो. आणि गल्ल्या 'अरुंद पण रम्य' असतात. अरुंद गल्ली रम्य असते हे वाचून गिरगावातलं माझं सारं बालपण एकदम सार्थकी लागलं. पुस्तकात खिडक्यांतल्या कुंड्या होत्या, दारातली मांजरं होती. माणूस मात्र औषधालाही नव्हता. ऑस्ट्रियातल्या हाल्स्टाट या गावाला लेखकाने पंचेचाळीस मिनिटं मंजूर केली होती. आमच्या पोस्टात एक पार्सल रजिस्टर करायला याहून जास्त वेळ लागतो.

"एवढी टीका करताय, तर एकदा बघून तरी या," आमची ही म्हणाली. समीक्षकावर इतका अन्याय कुणी केला नव्हता. पण गेलो.

हाल्स्टाटचं रेल्वे स्टेशन सरोवराच्या एका काठाला आणि गाव दुसऱ्या. मधे बोट. बोटीतून गाव जवळ येतं ते मात्र, कबूल करतो, खरोखर सुंदर. मागे सरळसोट डोंगर, पुढे पाणी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत एकमेकांच्या खांद्यावरून डोकावणारी घरं. दसऱ्याच्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेतली मुलं टाचा उंच करतात तशी.

वस्ती साडेसातशेच्या आसपास. आणि हंगामात एका दिवसात येणारे पाहुणे दहा हजारांपर्यंत! म्हणजे घरटी किती, हा हिशेब हिने बोटीतच केला आणि म्हणाली, "नुसतं पाणी विचारायचं म्हटलं तरी हंडे पुरायचे नाहीत हो."

पुस्तकात फोटोसाठी उभं राहायची जागा बाणाने दाखवली होती. तिथे रांग होती. प्रत्येकजण पुढे येई, गावाकडे पाठ करी, हसे आणि जाई. एवढ्या लांबून येऊन गावाकडे पाठ करायची, हा प्रकार मला देवळात जाऊन फक्त चपला सांभाळण्यासारखा वाटला. २०२३ साली इथल्या लोकांनी गर्दीला कंटाळून निदर्शनं केली. त्याच वर्षी मे महिन्यात या फोटोच्या जागेसमोर लाकडी कुंपण उभारून देखावाच झाकला गेला होता. ओरड झाली, तेव्हा ते काढलं. त्याआधी २०१२ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात या गावाची एक नक्कलही उभी राहिली आहे. चर्च, चौक, सगळं. पुस्तकातलं हाल्स्टाट हवं असेल तर ते चीनमध्येही भेटेल. दोन्हींत माणसं नाहीत.

पुस्तकाने जे गाळलंय, ते डोंगरात आहे. तिथल्या मिठाच्या खाणीचा इतिहास सात हजार वर्षांमागे जातो. १७३४ साली तिथे मिठात मुरलेला एक प्राचीन खाणकामगार सापडला, लोणच्यातल्या कैरीसारखा टिकलेला. १८४६ पासून रामसाउअर नावाच्या खाणीवरच्या अधिकाऱ्याने हजाराच्या आसपास प्राचीन थडगी उकरली आणि युरोपच्या इतिहासातल्या एका कालखंडालाच या गावाचं नाव मिळालं. काळ थांबला म्हणे! इथे काळ सात हजार वर्षं पाठीवर मिठाची ओझी घेऊन चढ-उतार करतोय.

वर चर्चच्या आवारात चिमुकली दफनभूमी आहे. जागा इतकी कमी की दहा-पंधरा वर्षांनी जुन्या माणसाने नव्यासाठी थडगं रिकामं करायचं. चाळीत राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मग ती कवटी उन्हात वाळवून, तिच्यावर नाव घालून, पानाफुलांची वेल रंगवून शेजारच्या खोलीत मांडून ठेवत. अशा बाराशेच्या आसपास कवट्या, घराण्या-घराण्याने शेजारी शेजारी. सहाशेहून जास्त रंगवलेल्या. शेवटची १९९५ मध्ये आली. ती १९८३ साली वारलेल्या एका बाईची. तिचा सोन्याचा दात अजून आहे.

मला वाटलं, ही घाबरेल. ती बराच वेळ तिथे उभी होती. मग हळूच म्हणाली, "गेल्यावरसुद्धा घरच्यांच्याच शेजारी. बरं आहे." म्युनिकला आल्यापासून तिने पहिल्यांदाच कशाला तरी बरं म्हटलं होतं. पंचेचाळीस मिनिटं केव्हाच संपली होती.

उतरताना एक खिडकी दिसली. लाल फुलं, जाळीदार पडदा, हुबेहूब पुस्तकातली. मी मोबाइल उचलला आणि बटण दाबलं. त्याच क्षणी आतून एका म्हातारीचा हात आला आणि त्याने खिडकी लावून घेतली. आदळली नाही, रागाने नाही. पावसाची सर आली की आपण लावतो तशी, सवयीने.

मी तिथे उभाच राहिलो. आमच्या चाळीच्या गॅलरीत आजोबा रोज सकाळी राखुंडीने दात घासत उभे असायचे. त्यांना 'रम्य' म्हणून कुणी परदेशी माणसाने टिपलं असतं, तर त्यांनी त्याच्यावर चूळ टाकली असती. ही बाई माझ्यापेक्षा आणि माझ्या आजोबांपेक्षाही सभ्य होती. इतके दिवस मी पुस्तकाच्या लेखकाला नावं ठेवत होतो. तिच्या खिडकीतून पाहिलं तर तो आणि मी एकाच बोटीतून उतरलेलो.

घरी आल्यावर नातवाने फोटो मोठा करून पाहिला. "आजोबा, हा बिघडलाय. नुसता हात आलाय. काढून टाकू?"

"राहू दे," मी म्हटलं. पुस्तकात एकूण तीनशे फोटो होते. त्यात माणूस असलेला एकही नव्हता.