चामखिळीत ‘ड’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन : पुरावा किती, उत्साह किती?

समजा, तुम्ही तमिळनाडूत कुंभकोणमच्या एका त्वचारोग बाह्यरुग्ण विभागात बसला आहात. समोर तिरुभुवनमचा रेशीम विणकर आहे. त्याच्या बोटांवर सात-आठ चामखिळी आहेत आणि विणताना धागा त्यांत अडकतो. औषध लावून झाले, दोनदा जाळून झाले, तरी त्या परत आल्या. तो विचारतो, “व्हिटॅमिनचे इंजेक्शन देतात म्हणे, ते द्या ना.” तुम्ही काय सांगाल? या टिपणात त्या उपचाराची बाजू आणि त्याच्या पुराव्यातील उणिवा दोन्ही पाहू.

कल्पना काय आहे?

चामखीळ मानवी पॅपिलोमा विषाणूमुळे (एचपीव्ही) होते. हा विषाणू त्वचेच्या वरच्या थरातच राहतो, रक्तात उतरत नाही, त्यामुळे प्रतिकारशक्तीला त्याचा पत्ता उशिरा लागतो. जाळणे किंवा गोठवणे म्हणजे दिसणारी गाठ काढणे. आजूबाजूच्या त्वचेतला विषाणू तसाच राहू शकतो, म्हणून चामखीळ परत येते. इंजेक्शनचा विचार वेगळा आहे. एका चामखिळीच्या बुडाशी असे काही टोचायचे की प्रतिकारपेशी तिथे धावून येतील आणि विषाणूला ओळखतील. यासाठी गोवर-गालगुंड-रुबेला लस, कँडिडा बुरशीचा अर्क आणि ट्यूबरक्युलिन वापरून झाले आहे. ‘ड-३’ जीवनसत्त्व त्याच रांगेतले. हे जीवनसत्त्व त्वचेच्या पेशींची बेसुमार वाढ रोखते आणि प्रतिकारपेशींना जंतुनाशक प्रथिने बनवायला मदत करते, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. कल्पना तर्कसंगत आहे, पण तर्क म्हणजे पुरावा नव्हे.

पुरावा कसा आहे?

नेहमी सांगितला जाणारा एक अभ्यास कावेरीच्याच वरच्या अंगाला, कर्नाटकातील मंड्या येथे झाला आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४२ रुग्ण होते. एका वेळी जास्तीत जास्त दोन चामखिळींत, दोन आठवड्यांच्या अंतराने, कमाल चार वेळा इंजेक्शन दिले. ३३ जणांच्या चामखिळी पूर्ण गेल्या, म्हणजे सुमारे ७९ टक्के. ६ जणांना मध्यम आणि ३ जणांना थोडा फरक पडला.

आकडा छान आहे. आता शीर्षक वाचा. ही ‘खुली, अनियंत्रित’ चाचणी असल्याचे लेखकांनी प्रामाणिकपणे शीर्षकातच म्हटले आहे. तुलनेला दुसरा गट नाही, आणि कोणाला काय टोचले हे सर्वांना ठाऊक आहे. टीका लेखकांवर नाही. शीर्षकातला तो शब्द गाळून फक्त ७९ टक्के सांगत फिरणाऱ्यांवर आहे.

तुलना का हवी? कुंभकोणमहून मयिलाडुतुरैच्या बाजूला वैदीश्वरन कोविल आहे. त्वचेचे विकार जावेत म्हणून तिथे भाविक मीठ-मिरे वाहतात. अनेकांच्या चामखिळी त्यानंतर खरोखर जातात, आणि ते खोटे बोलत नाहीत. पण चामखीळ आपोआपही जाते. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, संस्थेत राहणाऱ्या मुलांवरील एका निरीक्षणात दोन वर्षांत सुमारे दोन-तृतीयांश चामखिळी उपचाराविना गेल्या होत्या. हाच वेग सारखा धरला तर सहा महिन्यांत सुमारे पाव चामखिळी अशाच जातील.

म्हणून न्यायाने दोन गोष्टी मान्य करा. ७९ टक्के हा आकडा त्या पाव हिश्श्याहून बराच मोठा आहे, तेव्हा उपचार थोतांड म्हणून उडवून लावता येत नाही. पण जादा परिणामाचे श्रेय जीवनसत्त्वाला द्यायचे, की सुईने झालेल्या इजेला? चामखीळ नुसती सुईने टोचूनही काही वेळा प्रतिकारशक्ती जागी होते. लांबच्या, न टोचलेल्या चामखिळी गेल्या हा पुरावाही एकटा पुरत नाही, कारण आपोआप बरे होतानाही असेच होते. याचे उत्तर एकाच मांडणीतून मिळेल : निम्म्यांना ‘ड-३’, निम्म्यांना तितकेच नुसते सलाइन, वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी, आणि निकाल पाहणाऱ्याला कोणाला काय दिले ते ठाऊक नाही. ‘ड-३’ची तुलना एमएमआर लसीशी करून “दोन्ही सारखेच” म्हटल्याने हा प्रश्न सुटत नाही. दोन्ही सारखेच निरुपयोगीही असू शकतात.

मात्रेचा हिशेब

“व्हिटॅमिनच तर आहे” हे वाक्य सर्वांत धोक्याचे. वापरले जाणारे द्रावण मिलिलीटरला ६ लाख युनिटचे असते. ०.२ मिलि म्हणजे १ लाख २० हजार युनिट, म्हणजे आठवड्याला घ्यायच्या ६० हजारांच्या दोन पुड्या, एका चामखिळीत. दोन चामखिळी आणि चार वेळा धरल्यास ९ लाख ६० हजार युनिट, म्हणजे दीड महिन्यात १६ पुड्या. रुग्ण आधीच पुड्या घेत असेल तर? मूतखडा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर? रक्तातील कॅल्शियम वाढण्याचा धोका इथे असतो. द्रावण शेंगदाणा तेलातले असेल तर शेंगदाण्याची ॲलर्जी विचारायलाच हवी. शिवाय बोटात तेलकट औषध टोचणे दुखते आणि सूज येते, हे विणकराला आधी सांगा.

मग दुसरे काय?

प्रस्थापित उपचारही फार बढाई मारण्याजोगे नाहीत. तळपायाच्या चामखिळींवर ब्रिटनमध्ये २४० रुग्णांची चाचणी झाली आणि ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. सॅलिसिलिक आम्ल आणि गोठवणे, दोन्ही गटांत १२ आठवड्यांनी पूर्ण बरे झालेले सुमारे १४ टक्केच होते. म्हणून नव्या उपचाराची गरज खरी आहे आणि डॉक्टरांचा उत्साहही समजण्यासारखा आहे. तरीही सॅलिसिलिक आम्लाला नुसत्या मलमाशी तुलना करून पाहिल्याचा आधार आहे. ते स्वस्त आहे आणि घरी लावता येते.

विणकराला काय सांगाल?

माझे मत असे. दोन-चार नव्या, न दुखणाऱ्या चामखिळी असलेल्या मुलाला हे इंजेक्शन देऊ नये. आधी आम्ल नियमित लावू द्या आणि थांबा. इतर उपाय करून थकलेल्या, हाताच्या कामावर पोट असलेल्या माणसाला ते देता येईल. पण कॅल्शियम, मूत्रपिंड, ॲलर्जी आणि चालू औषधे विचारून, एकूण मात्रा वहीत लिहून, आणि हे वाक्य उच्चारून : “याने अनेकांना गुण आला आहे, पण तो औषधाचाच गुण आहे हे अजून पक्के ठरलेले नाही.” हे ऐकून तो थांबायचे ठरवेल किंवा बोट पुढे करेल. निर्णय त्याचा. पण ७९ टक्क्यांचा आकडा अर्धवट ऐकून त्याने पैसे मोजले, तर दोष तुमचा.

स्वाध्याय : वरील सलाइन गटाच्या चाचणीत रुग्ण किती महिने पाहावेत, आणि न टोचलेल्या चामखिळी वेगळ्या का मोजाव्यात, हे कारणांसह लिहा.