१९७७ची निवडणूक : दैनिक, साप्ताहिक आणि नगरचा मतदार

आणीबाणीतील वृत्तपत्रांवर लिहिताना आपण एक सोपी वाटणी करतो : दैनिके वाकली, यदुनाथ थत्ते यांचे ‘साधना’ साप्ताहिक ताठ राहिले. मीही अनेक वर्षे तसेच मांडत आलो. नगर जिल्ह्याचे निकाल समोर ठेवले, तेव्हा ही वाटणी मला अपुरी वाटू लागली.

१८ जानेवारी १९७७ रोजी निवडणूक जाहीर झाली, सेन्सॉरशिप सैलावली. पण आक्षेपार्ह मजकुराविरुद्धचा १९७६चा कायदा कायम होता आणि चार वृत्तसंस्था एकत्र करून उभी केलेली ‘समाचार’ हीच बातमी पुरवीत होती. दैनिकाला रोजचे पान याच चौकटीत भरावे लागे. साप्ताहिकाची भिस्त लेखांवर आणि पत्रांवर. म्हणून दैनिकात सभा सापडते, तर साप्ताहिकात त्या सभेमागची अस्वस्थता.

तरीही साप्ताहिकावरून मतदार ओळखता येत नाही. मुंबईतील सहाही जागा काँग्रेसने गमावल्या. नगर आणि कोपरगाव मात्र अण्णासाहेब शिंदे व बाळासाहेब विखे पाटील यांनी राखल्या. इथला मतदार भ्यालेला होता, सोसायटी-कारखान्याशी बांधलेला होता, की खरोखरच समाधानी होता? छापील कागद धीट असो वा भित्रा, याचे उत्तर देत नाही.

तेव्हा एकविसाव्या वर्षी पहिले मत देणारे आज सत्तरीच्या घरात आहेत. फायली कुठे जात नाहीत; आधी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायला हवे.