नावापेक्षा लय बदलली

‘रॉक मशीन’ हा बँड १९८४ साली मुंबईत उभा राहिला. परदेशी गाण्यांच्या हुबेहूब नकलेलाच टाळ्या पडण्याच्या काळात या मंडळींनी स्वतःची गाणी रचली. १९८८ साली ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ आणि १९९० साली ‘द सेकंड कमिंग’ हे अल्बम आले. १९९३ साली बँडचे नाव ‘इंडस क्रीड’ झाले. नावात सिंधू आली म्हणून संगीत देशी झाले, असा निष्कर्ष सहज काढता येतो. परभणीत बसून हे अल्बम क्रमाने ऐकल्यावर मला तो पटत नाही. १९९५च्या अल्बममध्येही गाण्यांची भाषा इंग्रजीच राहिली.

बँड १९९७ साली फुटला, २०१० साली पुन्हा जुळला. उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि झुबिन बालापोरिया तेच. बास आणि ड्रम्सवर मात्र रुशाद मिस्त्री व जय रो कवी आले. २०१२च्या ‘इव्हॉल्व्ह’मध्ये चाल ध्रुवपदाकडे धावत नाही, वळणे घेत जाते. हा प्रोग्रेसिव्ह रॉकचा गुण नव्या जोडीच्या लयीतून आला, असे माझे मत आहे.

इंग्रजी म्हणून आपण याकडे पाठ फिरवली, तर महाराष्ट्रात घडलेल्या संगीताचा इतिहास अर्धाच लिहिला जाईल.